‘चेक केली, ठीक आहे’ : एका बंदूक कंपनीला खानापुरातून खुलं पत्र

प्रति,
मा. महाव्यवस्थापक, गुणवत्ता नियंत्रण विभाग
आणि मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

स. न. वि. वि.

कंपनीचं नाव मी या पत्रात घेतलेलं नाही. बंदुकीच्या नंबरासकट एक प्रत रजिस्टर पोस्टानं तुमच्याकडं गेलेली आहे, त्यामुळं पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेल. बाकीच्यांनी अंदाज बांधत बसू नये. पत्र खुलं करण्याचं कारण साधं आहे. बंद पाकिटातल्या पत्रांना तुमच्याकडून एकच उत्तर येतं आणि ते आता मला पाठ झालंय.

मी खानापूर तालुक्यातला. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन गावी आलो. जांबोटीच्या बाजूला आमची शेती आहे. भात, थोडी नाचणी, पाणी पोचतं तिथं ऊस. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, पण गवे आणि डुकरं त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या शिवारात उतरतात. सरकारी अधिसूचनेसाठी ती खोळंबली नव्हती. भात पोटरीला आलं की निम्मं गाव रात्री राखणीला असतं. डबे बडवायचे, सुतळी बॉम्ब लावायचे, बॅटरीचे झोत टाकायचे. चार दिवसांत जनावर त्याला सरावतं आणि डबा वाजत असतानाच खात उभं राहतं. बाराबोरच्या बंदुकीच्या बाराला मात्र ते अजून दचकतं.

शहरातल्या वाचकाला शंका येईल म्हणून आत्ताच सांगतो. बार हवेत काढायचा असतो. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, रानडुकरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि आम्हाला तसा तो लावायचाही नाही. जनावर बांधाच्या पलीकडं गेलं की आमचं काम झालं. तेव्हा बंदुकीकडून माझ्या अपेक्षा अगदी थोड्या आहेत. घोडा ओढला की आवाज व्हावा, आणि ओढला नाही तर होऊ नये. नेमाचं, देखणेपणाचं नंतर बघू.

तुमच्या दुनळीला यातली पहिली गोष्टच जमत नाही.

डावी नळी बिनतक्रार चालते. उजवी तिच्या मर्जीनं. २०२४ चा पाऊस सरत आलेला, वरच्या खाचरात गवे उतरले होते. मी उजवा घोडा ओढला. टक् झालं आणि पुढं काहीच नाही. बार गेला नाही तर बंदूक लगेच उघडायची नाही, नळीचं तोंड मोकळ्या बाजूला धरून थांबायचं, काडतूस उशिरानं पेटू शकतं, हे पलटणीनं अंगात मुरवलंय. मी थांबलो. गवे काही थांबले नाहीत, खालच्या खाचरापर्यंत तुडवत गेले. माझ्याबरोबर राखणीला चुलतभावाचा पोरगा होता. म्हणाला, "काका, बंदूक झोपली काय की!"

सकाळी उजेडात ते काडतूस हातात घेतलं. काडतुसाच्या पितळी बुडात मधोमध जी टोपी असते, तिच्यावर पिनेचा ठसा गोल आणि खोल उमटायला पाहिजे. डाव्या नळीतून उडालेल्या काडतुसावर तो तसाच होता, बोटाच्या टोकाला खड्डा लागत होता. उजवीतल्यावर चिंचोक्यावर नख ओढावं तशी नुसती खूण. तीही मधोमध नव्हती, एका अंगाला सरकलेली. संध्याकाळी राखणीला तेच काडतूस डाव्या नळीत घातलं आणि ते दणक्यात उडालं. त्याच डब्यातली बाकीची काडतुसं उजवीत घालून बघितली. काही उडाली, काही नाही. जी उडाली नाहीत त्या प्रत्येकावर तीच, तिथंच, तशीच खूण.

म्हणजे काडतूस निर्दोष आहे. उजवीकडची पिन आखूड आहे, नाहीतर तिच्यामागची स्प्रिंग ढिली आहे, नाहीतर पिनेचं भोकच तिरकं पाडलंय. यातलं नेमकं कोणतं ते लॉक, म्हणजे पिन आणि स्प्रिंग बसवलेला आतला भाग, उघडल्यावर कळेल, आणि ते उघडणं तुमचं काम आहे.

यावर तुमचं पहिलं उत्तर आलं की बंदूक प्रूफ टेस्ट पास झालेली आहे. झालेलीच असणार. त्याशिवाय ती विकताच येत नाही, आणि बंदूक उघडली की नळ्यांच्या बुडाशी त्याचे छाप मला रोज दिसतात. पण प्रूफ टेस्टमध्ये नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी आणि जोड तो दाब सोसतात का एवढंच बघतात. नळी माझ्या तोंडावर फुटणार नाही याची ती खात्री आहे, आणि तिच्याबद्दल मी आभारी आहे. पिन महिनोन्महिने टोपीवर नीट बसेल का, याचा त्या छापाशी काही संबंध नाही. त्या दिवशी एक बार उडाला एवढंच त्यातून सिद्ध होतं. तुमच्याकडं गुणवत्ता नियंत्रण नावाचा वेगळा विभाग आहे तो याच्यापुढच्या कामासाठी असावा, अशी माझी आपली समजूत.

दुसरं उत्तर आलं, काडतुसं हलक्या प्रतीची असतील. काडतुसं खडकीच्या सरकारी दारूगोळा कारखान्यातली होती. डाव्या नळीला ती चांगल्या प्रतीची लागतात आणि उजव्या नळीला हलक्या, असं व्हायला काडतुसाला डावं-उजवं कळायला पाहिजे.

तिसऱ्या उत्तरानं मात्र मी गार झालो. तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलीनं फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं, "सर, मिसफायर होतानाचा व्हिडिओ काढून पाठवा." मी विचारलं, कुठं काढू? म्हणाली, घराच्या मागं मोकळी जागा असेल ना. बाईसाहेब, २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. हौसेनं, निष्काळजीपणानं गोळी झाडून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यांसाठी ते कलम आलं हे खरं. पण पिकात जनावर नाही, काही कारण नाही, आणि मी घरामागं उभा राहून मोबाइलसमोर घोडा ओढतोय, हा व्हिडिओ तुमच्याआधी पोलीस ठाण्यात पोचला तर तिथं काय सांगू? कंपनीनं मागवला होता म्हणून?

त्याच फोनवर पुढचा सल्ला मिळाला, "नाहीतर सर, कुरिअर करून टाका." बंदूक कुरिअर करून टाका! अख्खा कारखाना ज्या कायद्याखाली चालतो, तो तुम्ही तुमच्या फोनवरच्या माणसांना अर्धा दिवस बसवूनसुद्धा शिकवलेला नाही. त्या मुलीला मी बोल लावत नाही. तिच्यासमोर जो कागद ठेवलाय तो मिक्सर दुरुस्तीचा असणार, तीही बिचारी वाचून दाखवते. तिला त्या खुर्चीत बसवणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मिक्सर बिघडला तर मी खानापूर स्टँडजवळच्या दुकानात टाकतो. मोटरसायकलचं काम पोरंसुद्धा करतात. बंदुकीला तुम्ही किंवा परवानाधारक कारागीर सोडून मी कुणाचाच हात लागू देऊ शकत नाही. दुरुस्तीलाही शस्त्र कायद्याचा परवाना लागतो आणि विनापरवाना दुरुस्तीला आता किमान सात वर्षं शिक्षा आहे. गावातला लोहार मी कितीही हुशार म्हटला तरी तो तुमच्या पिनेकडं बघणारसुद्धा नाही, आणि त्यानं बघूही नये. बंदूक न्यायची तर परवानाधारक दुकानदाराकडंच, पाठवायची तर त्याच्यामार्फत कागदपत्रं करून.

त्यात आम्ही सीमेवरचे. जवळपासचा एक जाणता कारागीर कोल्हापुरात आहे, असं आमच्या दुकानदारानंच सांगितलं. बेळगावातून सकाळी निघालेला माणूस कोल्हापूरचं काम उरकून दुपारच्या जेवणाला परत येतो. पाहुणे तिकडं, लग्नं तिकडं, दवाखान्याला आम्ही तिकडं जातो. पण माझा परवाना कर्नाटक राज्यापुरता आहे. वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळी आली की माझ्या बंदुकीची हद्द संपली. पलीकडं न्यायची तर डीसी ऑफिसात (जिल्हाधिकारी कार्यालयात) अर्ज, पोलीस ठाण्याचा अहवाल, आणि मग फाइल कुठल्या टेबलावर आहे याची चौकशी. या हद्दीबद्दल आम्हाला बोलायचं ते आम्ही गेली कित्येक वर्षं दुसरीकडं बोलतोच आहोत, त्याचा भार तुमच्यावर टाकत नाही. मला म्हणायचंय ते एवढंच की कायद्यानं गिऱ्हाइकाचे सगळे रस्ते बंद करून फक्त तुमचं दार उघडं ठेवलंय. परदेशी बंदुकांची खासगी आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली, देशात बनवणारे मोजके. असं बांधलेलं गिऱ्हाईक मिळालेल्या कारखान्यानं जास्त काळजी घ्यायला हवी. तुम्ही नेमका उलटा अर्थ काढलात, की हा जाणार कुठं?

शेवटी आमच्या दुकानदारानं कागद करून बंदूक कारखान्यात पाठवली. थंडी गेली, काजू मोहरला, शिमगा झाला, तेव्हा ती परत आली. सोबत चिठ्ठी होती: चेक केली, ठीक आहे. कुणी चेक केली, काय चेक केलं, किती काडतुसं उडवली, कोणत्या नळीतून, काही नाही. सहीसुद्धा नाही, नुसता शिक्का. पलटणीत रायफलीची साधी स्प्रिंग बदलली तरी रायफलीच्या नंबरासमोर नोंद पडायची, आणि नोंद करणाऱ्याचं नाव खाली असायचं.

आणि आता ही गोष्ट गुणवत्ता विभागानं बसून वाचावी. तुमच्या कुंद्याला, म्हणजे बंदुकीच्या लाकडी दस्त्याला, पॉलिश मारणाऱ्यानं कामात हात सैल सोडला होता. उजव्या बाजूला पॉलिशचा एक ओघळ लाकडावरून लोखंडावर उतरला होता आणि लॉकच्या स्क्रूच्या खाचेत भरून तिथंच वाळला होता. बंदूक घेतली त्या दिवशीच तो मला खटकला होता, दुकानदाराला दाखवलाही होता. कारखान्याला पाठवताना त्याचा फोटो काढून ठेवला. बंदूक परत आली तेव्हा तो ओघळ तसाच होता. तडा नाही, खरचटा नाही, खाचेत स्क्रूड्रायव्हर टेकल्याची खूण नाही. तो स्क्रू फिरवल्याशिवाय आतली स्प्रिंग आणि पिन बघता येत नाही. म्हणजे माझी बंदूक तुमच्या कारखान्यात एवढे दिवस राहिली आणि कुणी तिला उघडलंदेखील नाही. फिनिशिंगच्या आळसानं तपासणीच्या आळसाविरुद्ध साक्ष दिली, असं दुसरीकडं कुठं घडलेलं मी तरी ऐकलेलं नाही. कुंद्यावर नवा ओरखडा तेवढा आला होता, तो प्रवासातला असेल.

मध्यंतरी गॅरंटी संपली. गॅरंटी एक वर्षाची, बिलाच्या तारखेपासून. त्यातही १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली, ती जूनमध्ये निकाल लागल्यावर हातात आली. बंदूक ठाण्याच्या खोलीत असतानाही तुमची गॅरंटी झिजतच होती. मग ती तुमच्याच कारखान्यात पडून होती तेव्हाही झिजली. या देशात निवडणुका होतात आणि तेव्हा बंदुका जमा होतात, ही काही तुमच्यासाठी नवी बातमी नसावी. ते दिवस गॅरंटीत वाढवून द्यायला किती शाई लागते?

बेळगावात क्वालिटी कंट्रोल कशाला म्हणतात हे कुणाला शिकवावं लागत नाही. उद्यमबागेत फौंड्रीवाल्याच्या कास्टिंगमध्ये एक ब्लो होल, म्हणजे हवेचं छिद्र, दिसलं तर गिऱ्हाईक लॉटच्या लॉट परत फिरवतं. हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात, तिथं केसाएवढा फरक चालत नाही. उद्यमबागेत मशीन शॉप चालवणाऱ्या माझ्या मेहुण्याला मी दोन काडतुसं दाखवली, एक डाव्या नळीतलं, एक उजवीतलं. त्यानं भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, "भाऊजी, पिन किती बाहेर येते ते बघायला एक गो-नोगो गेज पुरे. दुपारच्या जेवणाआधी बनवून देतो. प्रत्येक बंदुकीला दोनदा लावायचा, लागला तर पास, नाही लागला तर बाजूला." त्याला तुमच्या कारखान्यात कोण विचारणार म्हणा.

हे दोष बाहेर का येत नाहीत याचं कारणही मला दिसतं. आमच्या पट्ट्यातले कितीतरी निवृत्त जवान बँकेत, साखर कारखान्यावर गनमन आहेत. खांद्याला हीच दुनळी. त्या बंदुका वर्षानुवर्षं खांद्यावरच असतात, एक बार काढायची वेळ येत नाही, आणि येऊही नये. तुमच्या बंदुका न उडवताच म्हाताऱ्या होतात, म्हणून तुमचा तक्रारींचा रजिस्टर कोरा राहतो. माझ्या ओळखीच्या एका गनमनची सेफ्टी, म्हणजे बंदूक चुकून उडू नये म्हणून असलेला खटका, नुसत्या पट्ट्याच्या घासण्यानं पुढं सरकते. त्यानं तक्रार केलेली नाही. तक्रार केली तर बंदूक कारखान्यात जाणार, बंदूक नाही तर नोकरी नाही. तो सेफ्टीवर अंगठा ठेवून आठ तास उभा असतो. माझी बंदूक उडायला पाहिजे तेव्हा उडत नाही. त्याची नको तेव्हा उडेल, ती भरल्या बँकेत. पत्र खरं तर त्याच्यासाठी जास्त लिहिलंय.

आमच्या गावात एका थोरल्या घरात स्वातंत्र्याआधीची विलायती दुनळी आहे. कणकुंबीच्या बाजूचा पाऊस किती आणि कसा असतो ते इकडच्या माणसाला विचारा. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. एवढे पावसाळे खाऊन ती बंदूक अजून मिटताना कुठं अडखळत नाही. तुमचीच्या नळीवर पहिल्याच श्रावणात तांबेरा धरला, तोही मी रोज तेलाचा हात फिरवत असताना. तिकडचंच चांगलं म्हणणाऱ्यातला मी नाही, आयुष्यभर देशाचीच बंदूक खांद्यावर वागवली. म्हणून तर जास्त लागतं.

मला काय पाहिजे ते सांगतो. उजवं लॉक उघडून पिन आणि स्प्रिंग बदलून द्या, आणि बदललेले जुने भाग बंदुकीबरोबर परत पाठवा. सोबत कागद द्या, त्यावर काय बघितलं, किती बार काढले आणि कुणी काढले हे लिहिलेलं असू दे, नावासकट. बेळगाव किंवा हुबळीत एखाद्या परवानाधारक कारागिराला अधिकृत नेमा, म्हणजे किरकोळ कामाला अर्धा देश ओलांडावा लागणार नाही. फोनवर बसणाऱ्यांना शस्त्र कायद्याची तोंडओळख करून द्या. माझ्या परवान्यावर शिक्के कानडीत आहेत, तुमचं गॅरंटी कार्ड इंग्रजीत, फोन हिंदीत. मला कशाचीच अडचण नाही, अख्खी नोकरी मी हिंदीत काढली. कुठल्याही भाषेत बोला, पण बंदुकीबद्दल बोला. आणि ती सेफ्टी सरकण्याची गोष्ट तुमच्याकडं आणखी कुठून आली असेल, तर त्या वर्षीच्या सगळ्या बंदुका बोलावून घ्या, मालकाच्या नोकरीची सोय लावून, बदली बंदूक देऊन.

बिलाच्या मागं बारीक अक्षरात छापलंय की वाद झाल्यास फक्त आमच्या शहरातलं न्यायालय. तेही वाचलं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्याप्रमाणं तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. सदोष मालाबद्दल उत्पादकाच्या जबाबदारीचं त्यात वेगळं प्रकरणच आहे. बेळगावचा आयोग मला जवळ पडतो. दोन वर्षांची मुदत अजून शिल्लक आहे, तक्रारीचा मसुदा तयार आहे, ओघळाचे आधीचे आणि नंतरचे फोटो जोडलेत, ती खूण पडलेली काडतुसंही हिशोबात धरून जपून ठेवलीत. पण आयोगात गेलो तर बंदूक पुरावा म्हणून अडकेल आणि भात पोटरीला येईल तेव्हा मी पुन्हा डबे बडवत असेन. म्हणून आधी हे पत्र.

बंदूक सध्या बेळगावात आमच्या दुकानदाराकडं पावती करून जमा आहे. ती आता कारखान्याला पाठवणार नाही, कागदांचा तो खेळ एकदा झाला. तुमचा माणूस इकडं पाठवा. दुकानदाराच्या समोर, माझ्या समोर तो स्क्रू फिरवा. पेरण्या उरकल्यावर मी कधीही मोकळा आहे, आदल्या दिवशी दुकानदाराला फोन करा. माणूस येताना पिन आणि स्प्रिंग घेऊन आला पाहिजे, नुसता शिक्का घेऊन नाही.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक परवानाधारक
(बंदुकीचा नंबर रजिस्टर पोस्टाच्या प्रतीत दिला आहे)